गोड्या पाण्याची वसई

दिवाळीचा फराळ संपत आला, डब्याच्या तळाशी चार करंज्या आणि मूठभर चिवडा तेवढा उरला, की वसईकडच्या मंडळींना निर्मळच्या जत्रेचे वेध लागतात. कार्तिक वद्य एकादशीला ही जत्रा सुरू होते. जत्रेत जे जे असावयाचे ते ते सारे तेथे असते. पाळणे असतात, पिपाण्या असतात, मिठाईची दुकाने असतात, हरवलेली पोरे असतात आणि त्यांना शोधणारे बापही असतात. परंतु जाणते गिऱ्हाईक या साऱ्याला वळसा घालून नेमके एका टोपलीपाशी जाऊन उभे राहते. त्या टोपलीत वाळल्या पानांत घट्ट गुंडाळून बांधलेल्या पुड्या रचलेल्या असतात. पुडी सोडावी, तो आत मधाच्या रंगाची, बोटांना किंचित चिकटणारी फळे! हीच वसईची सुकेळी.

सुकेळी करावयाची ती राजेळी केळ्यांची. घड पिकवून केळी सोलावयाची, दिवसभर उन्हात वाळत घालावयाची, सायंकाळी गोळा करून पानांत आणि चटईत गुंडाळून ठेवावयाची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात मांडावयाची. असे सात-आठ दिवस चालले, म्हणजे केळ्यातले पाणी जाते आणि गोडी मागे राहते. ही पुडी मग महिनेच्या महिने टिकते. साखरेचा एक कण नाही, की तेलाचा एक थेंब नाही.

सुकेळे तोंडात टाकणाऱ्याच्या सहसा मनात येत नाही, परंतु या एका फळामागे तीन गोष्टी असाव्या लागतात : बारा महिने ओल धरणारी जमीन, बारा महिने गोडे पाणी आणि केळी वाळत घालण्याजोगे मोकळे अंगण. एके काळी वसईत या तिन्ही गोष्टी इतक्या विपुल होत्या, की त्यांची किंमत करण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. आज तिन्हींची टंचाई आहे. अंगणाच्या जागी इमारत आली, जमीन चौरस फुटांनी मोजली जाऊ लागली, आणि पाणी? पाण्याची कथा सर्वांत निराळी आहे आणि तीच या लेखात सांगावयाची आहे. खेड्याचे उपनगर कसे झाले हे लोक बहुधा जमिनीच्या भावावरून सांगतात. वसईपुरते तरी ते विहिरीच्या काठावर बसून पाहिले, तर अधिक स्पष्ट दिसते.

शहराचे शेत, शेताचे शहर

चर्चगेटपासून सुमारे पन्नास किलोमीटरांवर वसई रोड स्टेशन लागते. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेचे मुख, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर. या चौकटीतला हा मुलूख पूर्वी खाड्यांनी वेढलेले एक बेटच होते. अशा जागेवर माणूस फार प्राचीन काळापासून वस्ती करीत आला, यात नवल नाही.

वसईच्या शेजारचे नालासोपारा हे नाव आज आपल्याला लोकलच्या पाटीमुळे माहीत आहे. परंतु हेच प्राचीन शूर्पारक. देशोदेशीची गलबते लागत असलेले हे मोठे बंदर होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखली जाणारी टेकडी खणली आणि आत बौद्ध स्तूप सापडला. त्याच साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही सोपाऱ्यात मिळाला. १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा हाती आला. सम्राटाने ज्या ठिकाणी आपली आज्ञा दगडावर कोरविली, ते ठिकाण आडगाव खचितच नसणार. पुढे खाडी गाळाने भरत गेली, गलबते येईनाशी झाली, आणि जेथे नावा नांगरत होत्या तेथे भाताची रोपे डोलू लागली. म्हणजे या भूमीने शहराचे शेत होणेही पाहिले आहे आणि शेताचे शहर होणेही! फरक इतकाच, की पहिल्या बदलाला शतके लागली आणि दुसरा एका माणसाच्या हयातीत उरकला.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षे वसईचा किल्ला हे त्यांच्या उत्तरेकडील मुलखाचे मुख्य ठाणे होते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी हा किल्ला घेतला, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रचंड घंटा त्यांतलीच. पुढे १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी जो तह केला तोही वसईचाच. इतिहासाच्या पुस्तकात वसई येते ती अशी, तोफांच्या धुरातून आणि तहाच्या कागदातून.

परंतु किल्ल्याच्या तटाबाहेर, तोफा थंडावल्यावर, आणखी एक वसई जगत होती. तिला ना फिरंग्यांचे सोयर, ना पेशव्यांचे सुतक. ती भल्या पहाटे उठून केळीला पाणी पाजीत होती.

रहाटाची करकर

किल्ल्यापासून उत्तरेकडे आगाशी-अर्नाळ्यापर्यंत समुद्राच्या कडेने वाड्यांचा एक लांबलचक पट्टा आहे. पापडी, सांडोर, गास, भुईगाव, निर्मळ, वाघोली, नंदाखाल ही त्यांतली काही गावे. केळी, पानवेली, ऊस, आले, नारळ, सुपारी, नाना तऱ्हेच्या भाज्या आणि मोगरा-चाफ्यासारखी फुले हे येथले पीक. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी गॅझेटियरनेही वसईच्या बागायतीची आणि आगाशीच्या सुक्या केळ्यांची दखल घेतली. येथल्या शेतकऱ्याला ‘वाडवळ’ म्हणतात, कारण त्याची शेती म्हणजे वाडी. सामवेदी असो, भंडारी असो, वाडवळ असो, हिंदू असो की ख्रिस्ती असो, वाडीत उतरल्यावर सर्वांचा धर्म एकच : पाणी!

हे पाणी कोठून येत होते? समुद्र हाकेच्या अंतरावर, तिन्ही बाजूंना खारे पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या शेकडो विहिरी, हा चमत्कार वाटतो खरा. परंतु त्यामागे निसर्गाचा सरळ हिशेब आहे. या किनाऱ्यावर पावसाळ्यात ऐंशी इंचांहून अधिक पाऊस पडतो. किनारपट्टीची रेताड जमीन हे पाणी स्पंजाप्रमाणे शोषून घेते. गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून वजनाने हलके. त्यामुळे जमिनीखाली आत शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर हे गोडे पाणी तरंगत राहते, दुधावर साय राहावी तसे. शास्त्रज्ञांचा ठोकताळा असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक फूट उंच असेल, तर तिच्याखाली सुमारे चाळीस फूट खोलीपर्यंत गोडे पाणी असते. हे गणित ऐकावयास मोठे सुखाचे आहे. पण ते उलटेही चालते. वरची पातळी फूटभर उतरली, की खालचे खारे पाणी चाळीस फूट वर सरकू पाहते!

वसईच्या वाडवळाने हे गणित कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते, पण तो त्याप्रमाणे वागत होता. त्याची विहीर रहाटाची. विहिरीवर मोठे लाकडी चाक, चाकावर मडक्यांची माळ आणि ते चाक फिरविण्यास जुंपलेला बैल किंवा रेडा. जनावर गोल फिरावयाचे, मडकी भरभरून वर यावयाची, पन्हाळीत पाणी ओतून रिकामी होऊन पुन्हा खाली जावयाची. पाणी पाटाने वाडीत जाई आणि एकेक आळे भरून पुढे सरके. पहाटे चार-पाच वाजल्यापासून रहाटांची करकर या पट्ट्यात ऐकू येई.

रहाट हे यंत्र धिमे. जनावर थकले, की ते थांबावयाचे. विहिरीचा तळ दिसू लागला, की मडकी रिकामीच वर यावयाची आणि धन्याला कळावयाचे, की आज पुरे. या सक्तीच्या विश्रांतीत झऱ्यांतून विहीर पुन्हा भरून येई. जेवढे पाणी जमीन देई तेवढेच रहाट घेई.

रहाटाच्या जोडीला होती ‘बावखले’. बावखल म्हणजे वाडीजवळ खणलेले लहानसे तळे. खणताना निघालेली माती वाडीत टाकून जमीन उंच करावयाची आणि खड्ड्यात पावसाचे पाणी साठवावयाचे. बाया तेथे कपडे धूत, पोरे पोहावयास शिकत, मासेही मिळत. पण बावखलाचे खरे काम डोळ्यांना न दिसणारे होते. पावसाळ्यात तुडुंब भरलेले ते पाणी पुढे कित्येक महिने हळूहळू जमिनीत मुरे आणि आजूबाजूच्या विहिरींना पाझर फुटत राही. आणि या पट्ट्याच्या पूर्वेला होती भाताची खाजणे आणि मिठागरे. डोंगरावरून उतरलेले पुराचे पाणी तेथे पसरे आणि भरती-ओहोटी सांभाळून खाडीला मिळे. वाडी, बावखल, खाजण आणि मिठागर, अशी ही एकमेकांना सांभाळणारी चौकडी होती.

आगगाडी आली, पण माणसे आली नाहीत

१८६४ साली मुंबईहून गुजरातकडे जाणारी आगगाडी वसईवरून धावू लागली. त्याच साली वसईला म्युनिसिपालिटीही मिळाली. स्टेशन मात्र जुन्या गावापासून बरेच दूर, नवघर-माणिकपूरच्या शेतांशेजारी झाले. म्हणून तर त्याचे नाव ‘वसई रोड’. वसईला जावयाचे असेल तर येथे उतरा आणि पुढचा रस्ता धरा, एवढाच त्या नावाचा अर्थ!

१८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईला रोज सकाळी एक गाडी सुटू लागली. सायंकाळी ती परत येई. आजच्या विरार लोकलची ही पूर्वज. आता वाचकांना वाटेल, की झाले, गाडी आली आणि वसईचे उपनगर झाले. परंतु तसे मुळीच घडले नाही. पुढे शंभर वर्षे रेल्वेने वसईचे शेत मोडले नाही, उलट ते वाढविले. पूर्वी केळीचे घड आणि पानांचे करंडे गलबतांतून मुंबईस जात. आता तेच काही तासांत बाजारात पोहोचू लागले. भाजीची टोपली घेऊन पहाटेची गाडी पकडणारी, लाल लुगडे नेसलेली वसईची ख्रिस्ती बाई मुंबईकरांच्या ओळखीची झाली. वसईची पाने गुजरातेत आणि उत्तरेकडच्या बाजारांत जाऊ लागली. १९१८ साली येथे बॅसीन कॅथॉलिक सहकारी पतसंस्था निघाली आणि पुढे ती मोठी बँक झाली. शेतीच्या आणि लहानसहान धंद्याच्या पैशावर बँक उभी राहते, तेव्हा त्या गावाचे बरे चालले आहे असे समजावयास हरकत नाही.

१९०१ च्या शिरगणतीत वसई शहराची वस्ती सुमारे दहा हजार होती. १९३६ साली विजेची गाडी बोरिवलीवरून विरारपर्यंत आली, तरीही या गावाची झोप मोडली नाही. कारण उघड आहे. मुंबईच्या नोकरदाराला तेव्हा पार्ले, गोरेगाव, मालाड, बोरिवली येथेच जागा मिळत होती. खाडी ओलांडून पलीकडे कोण जातो! वसईला जावयाचे ते किल्ला पाहावयास, नाही तर मुलांची सहल घेऊन. परतताना पिशवीत वेलची केळी आणि हातात चाफ्याची फुले.

दहा बाय बाराची खोली

मग हे सारे बदलले कशाने? त्याचे उत्तर वसईत नाही, ते मुंबईच्या चाळीत आहे.

१९४७ च्या कायद्याने मुंबईतली घरभाडी गोठली. राहत असलेल्या भाडेकरूंना त्याने मोठा दिलासा दिला, परंतु नवी भाड्याची घरे बांधण्यात कोणाला स्वारस्य उरले नाही. कुटुंबे मात्र वाढत राहिली. गिरगावातल्या, लालबाग-परळातल्या दहा बाय बाराच्या खोलीचे चित्र आमच्या वाचकांपुढे नव्याने रंगविण्याची गरज नाही. थोरल्याचे लग्न झाले, की धाकट्याचे अंथरूण गॅलरीत. धाकट्याचे ठरले, की म्हाताऱ्याची खाट जिन्याखाली. पागडी देऊन दुसरी खोली घेण्याइतका पैसा नाही आणि मालकीचा ब्लॉक तर स्वप्नातही नाही. त्यातच १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या कित्येकांच्या हाती पुन्हा कधी काम आले नाही. ज्याच्यापाशी विकण्याजोगी खोली होती, त्याने ती विकली आणि आलेल्या रकमेत मुलांसाठी घर शोधीत तो आगगाडीच्या रुळांबरोबर उत्तरेकडे निघाला. मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई, नालासोपारा, विरार. जसजसे अंतर वाढे तसतसा भाव उतरे आणि त्याच्या पैशाची नि भावाची जेथे गाठ पडे तेथे तो उतरे.

या माणसाला दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. स्वतःच्या दाराला स्वतःच्या नावाची पाटी लावावी, घरात न्हाणीघर असावे आणि मुलीला अभ्यासाला कोपरा मिळावा, एवढीच त्याची मागणी होती. त्यासाठी त्याने रोज तीन-चार तास लोकलमध्ये उभे राहण्याची किंमत मोजली. विरार लोकलमध्ये बोरिवलीचा माणूस चुकून चढला, तर त्याला विरार पाहूनच परत यावे लागते, असे गमतीने म्हणतात. ज्याने तीस वर्षे त्या गर्दीत काढली त्याला ती गंमत वाटत नाही.

दुसऱ्या बाजूला जमीन विकणारा वाडवळ. त्यालाही लोभी म्हणून मोकळे होता येत नाही. आजोबांची एकरभर वाडी पाच भावांत वाटली, की प्रत्येकाच्या वाट्याला येतात आठ गुंठे. त्यावर कुटुंब कसे चालावे? जळगावची केळी आणि नाशिकची भाजी ट्रकांतून रातोरात मुंबईला येऊ लागली होती. त्यांच्या ढिगापुढे वसईच्या टोपलीची काय मातब्बरी! मुले शिकली, बँकांत आणि कचेऱ्यांत लागली. पहाटे चारला उठून पाणी धरण्यास कोणी तयार नव्हते. अशा वेळी दारात येऊन कोणी वर्षभराच्या नव्हे, जन्मभराच्या उत्पन्नाएवढी रक्कम देऊ केली, तर ती नाकारण्यास असामान्य माणूस लागतो.

विहीर चाकांवर चढली

येथे पुन्हा पाण्याकडे वळले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात रहाट हळूहळू मोडीत निघाले आणि विहिरीवर प्रथम तेलाची इंजिने, मग विजेचे पंप बसले. बैल-रेड्याची दगदग वाचली. वाडवळाला ही मोठीच सोय झाली आणि तिचे स्वागत कोणीही केले असते. परंतु पंपाला थकवा ठाऊक नाही. बटण दाबले, की तो ओढीत राहतो. विहिरीला दम खावयास जी उसंत रहाट देत होता ती गेली. तरीही पंपाने उपसलेले पाणी निदान त्याच वाडीत पडत होते आणि त्यातला काही भाग पुन्हा त्याच जमिनीत मुरत होता.

१९८० नंतर स्टेशनच्या आसपास इमारती झपाट्याने उठल्या. नळाला मात्र पाणी नव्हते. पेल्हार, उसगाव आणि पापडखिंड ही स्थानिक धरणे लहान. नव्या वस्तीला ती पुरणार कशी? तेव्हा पाण्याचा टँकर आला. बांधकामाला टँकर, राहणाऱ्यांना टँकर. आणि हा टँकर भरावयाचा कोठे? पश्चिमेच्या वाड्यांतल्या विहिरींवर. शेताच्या पिकापेक्षा विहिरीचे पाणी विकणे अधिक किफायतीचे झाले. रात्रंदिवस पंप चालू लागले आणि गावाचे पाणी चाकांवर बसून गावाबाहेर जाऊ लागले.

आता ते चाळीस फुटांचे गणित वाचकांनी आठवावे. गोड्या पाण्याची साय ओरपली जाऊ लागली आणि खालचे खारे पाणी वर चढले. शिवाय एका माणसाने आपल्या विहिरीतून पाणी विकले, तरी खारटपणा त्याच्या कुंपणाशी थांबत नाही. जमिनीखाली सातबारा नसतो. शेजाऱ्याची विहीर, त्याच्या शेजाऱ्याची विहीर, असे करीत मचूळ पाण्याने वाड्या गाठल्या. खारे पाणी पिऊन पानवेल पिवळी पडते, केळीचे पान कडेने करपते. अशी वाडी पिकविण्यात अर्थ नाही, असे म्हणून मालक ती विकावयास काढतो आणि तेथे उठलेल्या इमारतीला पुन्हा टँकर लागतो. एकदा सुरू झालेले हे चक्र रहाटाच्या चक्रापेक्षा फार वेगाने फिरू लागले.

त्याच सुमारास हिरव्या पट्ट्यातल्या जमिनी बांधकामाला खुल्या करण्याची सरकारी पावले पडू लागली. त्याविरुद्ध १९८८ च्या सुमारास ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली. तिचे नेतृत्व केले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी. ‘सुवार्ता’ या मराठी मासिकाचे ते संपादक. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. पांढऱ्या झग्यातला पाद्री आणि धोतर नेसलेला वारकरी एकाच मोर्चात, हे दृश्य वसईने त्या दिवसांत पाहिले. मागणी होती ती झाडांची हौस म्हणून नव्हे. बेसुमार पाणीउपसा थांबवा, टँकर आवरा, वाड्यांवर इमारती चढवू नका, हे तिचे सार होते. या चळवळीने सारेच वाचले असे म्हणता येणार नाही. परंतु पश्चिमेच्या पट्ट्यात आज जी हिरवाई डोळ्यांना दिसते, तिच्यामागे त्या लोकांचे पाय झिजलेले आहेत.

सूर्येचे पाणी

१९९० साली या प्रदेशाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे सोपविण्यात आले. २००९ च्या जुलैत वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली. आपली गावे महापालिकेत नकोत, असे कित्येक गावकऱ्यांचे म्हणणे होते आणि तो वाद पुढे वर्षानुवर्षे मोर्च्यांत आणि कोर्टकचेऱ्यांत चालला. २०११ च्या जनगणनेत या महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. ११० वर्षांपूर्वी दहा हजारांचे गाव असलेली वसई आता बारा लाखांच्या नगरीचा एक भाग झाली.

बारा लाख माणसांना पाणी तर हवेच. ते आता सूर्या नदीचे येते. विक्रमगड तालुक्यात धामणी येथे या नदीवर धरण आहे. ते बांधण्यास घेतले तेव्हा त्याचा हेतू निराळा होता. पालघर, डहाणू, विक्रमगड या भागांतली सुमारे चौदा हजार हेक्टर जमीन त्या पाण्याने भिजावी, तेथल्या आदिवासी शेतकऱ्याला दुसरे पीक घेता यावे, यासाठी ते धरण होते. त्यातला मोठा हिस्सा शहरांकडे वळला. वसई-विरारला आधी सूर्येच्या दोन योजनांतून पाणी मिळाले. त्यानंतरच्या योजनेत रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी शहरांसाठी धरले आहे : १८५ वसई-विरारसाठी आणि २१८ मीरा-भाईंदरसाठी. धरणाजवळच्या शेतकऱ्यांनी याविरुद्ध वेळोवेळी आवाज उठविला आहे.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. एके काळी वसई आपल्या पाण्यावर स्वतः जगत होती आणि मुंबईला भाजी, केळी, फुले देत होती. आज ती दूरच्या शेतकऱ्याच्या वाट्याचे पाणी पिते. मुंबईने वसईच्या बाबतीत जे केले तेच आता वसई दुसऱ्या कोणाच्या बाबतीत करीत आहे. उपनगर होणे म्हणजे केवळ शेतावर घरे उठणे नव्हे. आपल्या गरजांचे ओझे आणखी दूरच्या, आणखी दुबळ्या शेतावर टाकणे, हाही त्याचा अर्थ आहे.

आणि उलट बाजूने पाहिले, तर याच वसईत पाणी नको तितके होते! २०१८ च्या जुलैत धो धो पाऊस झाला. वसई-विरारचे रस्ते पाण्याखाली गेले, १० जुलैला लोकल बंद पडल्या, लांब पल्ल्याच्या गाड्या रुळांवर अडकल्या आणि मिठागरांत राहणाऱ्या शेकडो माणसांना पुराने वेढले. पाऊस पूर्वीही पडत होता. परंतु पूर्वी त्याला पसरण्यास खाजणे होती, मुरण्यास बावखले होती. खाजणांवर भराव पडले, कितीतरी बावखले बुजली. ज्या पाण्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहावयाची, तेच पाणी जुलैत बैठ्या घरातली गादी भिजविते.

अजून जे उरले आहे

एवढे सांगून लेख संपविला, तर वाचकांचा समज होईल, की जुनी वसई संपली. ती संपलेली नाही. स्टेशनवर उतरून पश्चिमेची बस धरावी. पहिली काही मिनिटे दुकानांच्या पाट्या आणि इमारतींच्या रांगा सोबत करतात. मग एका वळणावर हवा एकदम गार लागते. दोन्ही बाजूंना माड येतात, कौलारू घरे येतात, कुंपणावरून जास्वंद डोकावते. कोठे चाफ्याची बाग, कोठे अळूचा वाफा, कोठे केळीची रांग. गावोगावची तरुण मंडळी बावखले साफ करण्यास उतरल्याच्या बातम्याही अधूनमधून वाचावयास मिळतात. पोर्तुगीज काळापासून टिकून राहिलेले सामवेदी बोलीतले शब्द अजून अंगणात ऐकू येतात.

ज्या घरात कोणे एके काळी गिरगावातून किंवा परळातून ट्रंका येऊन पडल्या, त्या घरातली तिसरी पिढी आता स्वतःला वसईकरच म्हणविते आणि तसे म्हणविण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. मात्र त्या अधिकारासोबत एक जबाबदारीही येते. जो वाडवळ अजून वाडी राखून आहे, तो केवळ आपली केळी पिकवीत नाही. त्याच्या आळ्यात मुरणारा पाऊस सबंध गावाची विहीर गोडी ठेवतो आणि त्याच्या बावखलात थांबणारा पूर तिसऱ्या गल्लीतल्या सोसायटीचा तळमजला कोरडा ठेवतो. या कामाचा मोबदला त्याला आजवर कोणी दिलेला नाही. इमारतीच्या गच्चीवरचे पाणी गटारात न सोडता जमिनीत मुरविणे, शेजारचे बावखल कचऱ्याने न भरणे आणि सोसायटीने निदान एका जुन्या विहिरीचा गाळ काढणे, एवढे तर नव्या वसईकरालाही करता येईल. त्यास सरकारी योजना लागत नाही, की मोर्चा लागत नाही.

यंदा फराळाचे डबे रिकामे झाले, की एकदा निर्मळला जाऊन यावे. मुलांनाही बरोबर न्यावे. सुकेळीची पुडी घ्यावी आणि पुडी घेता घेता विकणाऱ्या बाईला एवढेच विचारावे, की ही केळी कोणाच्या वाडीतली आणि त्या वाडीच्या विहिरीचे पाणी अजून गोडे आहे का? तिचे उत्तर ‘होय’ असे आले, तर पुडी दोन घ्याव्यात.